माळढोक गेला तर दुसरा तयार होईल का?

भीमाकाठ
सोमवार, रात्री १०:१२

काल मुलीला घेऊन नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेले होते. ती यंदा नववीत आहे. सोलापूरहून बार्शी रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटर, पण तिला न्यायचं इतकी वर्षं राहूनच गेलं. मनोऱ्यावर दोन तास बसलो. काळविटांचे दोन कळप दिसले, चंडोल तर होतेच. एक धाविक काटकीसारख्या पायांवर तुरुतुरु पळायचा, थबकायचा, पुन्हा पळायचा. माळढोक पक्षी दिसला नाही. दिसेल अशी आशाही नव्हती, कारण अलीकडच्या मोजणीत एखादीच मादी नोंदली जाते.

मी तिच्याहून लहान असताना वडिलांनी लुनावरून मला तिथंच नेलं होतं. पावसाळा सरत आला होता. गवताच्या वर फक्त एक पांढरी मान दिसत होती. मग तो नर उंचवट्यावर आला, शेपूट पाठीवर उभारली आणि गळ्याखालची पिशवी फुगवत फुगवत पार गुडघ्यांपर्यंत लोंबू दिली. आवाज असा, की रिकाम्या रांजणात कुणी तरी हुंकार देतंय. माळावर दूरपर्यंत ऐकू गेला असेल. हे सगळं मी लेकीला सांगत होते. ती शांतपणे ऐकत होती आणि मग म्हणाली, "आई, पुस्तकात तर आहे की नव्या जाती सारख्या तयार होत असतात. मग हा गेला तर याच्या जागी दुसरा होईलच ना?"

मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं हे तिलाही कळलं आणि मलाही. म्हणून इथं विचारते. नवी जात नेमकी तयार कशी होते? संपते कशी? आणि तिच्या प्रश्नाला खरं उत्तर काय द्यायचं?

---

सातरस्ता
सोमवार, रात्री १०:४०

प्रश्न फार चांगला विचारलाय पोरीने. उत्तर जाणकार देतील, मी फक्त एक आठवण करून देतो. राष्ट्रीय पक्षी ठरवताना सलीम अलींनी माळढोकाचं नाव सुचवलं होतं. १९६३ मध्ये मोर ठरला. माळढोक ठरला असता तर आपल्या माळांकडे बघायची नजर बदलली असती का, हे राहून राहून मनात येतं.

---

जुना फळा
मंगळवार, सकाळी ६:२५

ताई, मी चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. तुमच्या मुलीसारखा प्रश्न विचारणारी मुलं दर वर्गात एखाद-दुसरीच असायची. जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचं बोलू. आमच्या पुस्तकांत 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे त्यावरची पायरी, जीनस. आता वर्तमानपत्रांत स्पीशीजलाच प्रजाती म्हणायची पद्धत पडली आहे. मी जुनाच शब्द वापरतो, गोंधळ होऊ नये म्हणून सांगून ठेवलं.

जात म्हणजे काय, याची सर्वांत जास्त वापरली जाणारी व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये केली. ज्यांचा आपापसांत संकर होतो आणि त्यातून पुढे वंश चालतो, ते सगळे एका जातीचे. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं, कामालाही दणकट असतं, पण वंश पुढे चालत नाही. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला मिळतात ६३. त्यांच्या नीट जोड्या लागत नाहीत. म्हणून घोडा वेगळी जात, गाढव वेगळी.

आता एका जातीच्या दोन कशा होतात? बहुतेक वेळा त्यांच्यामध्ये काहीतरी येतं. नदी, डोंगर, समुद्र, वाळवंट. इकडच्यांचा तिकडच्यांशी संबंध तुटला की दोन्हीकडे बारीक बारीक बदल वेगवेगळे साठत जातात. काही बदल तिथल्या हवापाण्याला धार्जिणे म्हणून टिकतात, काही निव्वळ योगायोगाने. पुष्कळ पिढ्यांनी मधला अडसर दूर झाला तरी ते एकमेकांना जोडीदार म्हणून ओळखत नाहीत, किंवा ओळखलं तरी पिल्लं धड होत नाहीत.

अडसर फार मोठा असावा लागतो असंही नाही. सह्याद्रीत केरळ आणि तमिळनाडूच्या हद्दीवर पालघाटची खिंड आहे. रुंदी चाळीसेक किलोमीटर, म्हणजे आपल्याकडून मोहोळला जाण्याइतकी. तिच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या उंच डोंगरांवर शोला जंगलात राहणारे छोटे पक्षी आहेत. त्यांना पंख आहेत, तरी ती उष्ण सखल खिंड ते ओलांडत नाहीत. त्यामुळे निलगिरीकडचा शोलाकिली नावाचा पक्षी वेगळ्या जातीचा झाला आणि खिंडीच्या दक्षिणेकडचा वेगळ्या.

हे घडताना कुणी पाहिलंय का, असं मुलं हमखास विचारतात. पाहिलंय. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांत डाफ्ने मेजर नावाचं एक छोटं बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून वर्षानुवर्षं तिथं जाऊन फिंच पक्ष्यांची चोच मोजत राहिलं. १९७७ मध्ये दुष्काळ पडला, बारीक मऊ बिया संपल्या, कठीण मोठ्या उरल्या. त्या फोडू शकणारे मोठ्या चोचीचे पक्षी जगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोचच मोठी झाली. १९८१ मध्ये शंभरावर किलोमीटर लांबच्या दुसऱ्या बेटावरून एकच नर तिथं आला. अंगाने मोठा, गाणं वेगळं. त्याने तिथल्या मादीशी जोडी केली. पिल्लं बापाचं गाणं शिकली, आणि बाकीच्या माद्यांना ते गाणं परकं वाटलं. दोन पिढ्यांत ती मंडळी आपसांतच जोड्या करू लागली. बेटावर एक नवी वंशरेषा दोन माणसांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली.

चष्मा बदलायला टाकलाय, चुका झाल्या असतील तर सांभाळून घ्या. संपण्याबद्दल संध्याकाळी लिहितो.

---

हुग्गी
मंगळवार, सकाळी ९:०५

सर, एक भर घालते. अडसर आणि हजारो पिढ्या न लागताही जात होते, आणि तो पुरावा आपल्या डब्यात असतो.

आमचं माहेर अक्कलकोटकडचं. लग्नाच्या पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, लागते, आणि ती खपली गव्हाचीच लागते, साध्या गव्हाला ती चव नाही. आजी आदल्या दिवशी खपली ओलसर करून उखळात कांडायची. साधा गहू मळला की दाणा सुटून येतो. खपलीचा दाणा टरफलाला असा घट्ट धरून असतो की मुसळ मारल्याशिवाय सोडत नाही. कांडताना तूस उडून आजीच्या केसांवर पिवळसर थर बसायचा.

पुढे कृषी पदवीला गेल्यावर कळलं की हा फरक नुसता चवीचा नाही. खपलीची गुणसूत्रं २८, आपल्या रोजच्या चपातीच्या गव्हाची ४२. आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी कास्पियन समुद्राच्या आसपास खपलीच्या कुळातल्या २८ वाल्या गव्हाचा शेजारच्या १४ गुणसूत्रांच्या रानगवताशी संकर झाला. एकाची अर्धी १४, दुसऱ्याची अर्धी ७, मिळून २१. असं रोप खेचरासारखंच वांझ असायला हवं. पण कुठंतरी पेशी विभागताना चूक झाली आणि सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली. २१ ची ४२. आता प्रत्येकाला जोडी मिळाली, दाणा भरला. एक-दोन पिढ्यांत नवी जात! माणसाने ते करायचं म्हणून केलं नव्हतं, फक्त शेताच्या कडेला उगवलेलं ते रोप त्याला आवडलं आणि त्याने बी राखून ठेवलं.

कापसाचंही तसंच. देशी कापूस २६, अमेरिकन कापूस ५२. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे ज्या सुतावर वाजले त्यामागे अशीच एक फार जुनी दुप्पट आहे, माणूस यायच्या कितीतरी आधीची.

---

भीमाकाठ
मंगळवार, दुपारी १:३०

सर, हुग्गीताई, दोघांचे मनापासून आभार. मुलीला शाळेतून आल्यावर वाचायला देते. खपलीचं तर तिच्या आजीला आधी सांगेन.

एक शंका. नान्नजच्या माळावर लांडगेही आहेत. लांडगा आणि कुत्रा यांची पिल्लं होतात आणि ती वांझही नसतात, असं ऐकलंय. मग व्याख्येप्रमाणे ते एकच ना?

---

जुना फळा
मंगळवार, दुपारी ३:५०

बरोबर ऐकलंय. व्याख्या म्हणजे आपण मारलेली रेघ असते, निसर्गाने बांधलेली भिंत नव्हे. कुत्रा लांडग्यापासूनच आला, आणि त्याला वेगळी जात म्हणायचं की लांडग्याची उपजात, यावर जाणकारांत आजही दोन मतं आहेत. दोन जातींमध्ये पुष्कळदा असा धूसर पट्टा असतो. जात होणं ही चालू असलेली गोष्ट आहे, आणि काही जोड्या आपल्याला मधल्या टप्प्यावर दिसतात.

पण तुम्ही नकळत संपण्याच्या विषयालाच हात घातलात. आपल्या माळांवरचा भारतीय लांडगा हा करड्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे. गावांभोवती मोकाट कुत्री वाढली आणि लांडगे थोडे उरले की लांडग्याला जोडीदार म्हणून कुत्राच भेटतो. पुण्याजवळ असे मिश्र प्राणी असल्याचं त्यांच्या जनुकांवरून २०२३ मध्ये सिद्ध झालं. असं होत राहिलं तर एकही लांडगा न मारता लांडगा संपू शकतो. गडव्यात ताक ओतत गेलं की शेवटी दूध उरत नाही, तसं.

---

खिलार
मंगळवार, रात्री ८:१५

मार्डीकडचा हाय मी. माळाला लागून आमचं रान. लिहायची सवय न्हाई, पण डोळ्यानं बघितलेलं सांगतो.

आमच्या आज्जाच्या टायमाला माळढोक रानात यायचा. हरभऱ्यात किडं वेचायचा, टोळ खायचा. कुणी मारत नव्हतं. मादी उघड्यावरच अंडं घालते, घरटं न्हाई का काय न्हाई. एकच अंडं. मेंढरं हाकताना आज्जा लांबनं वळसा घालून न्यायचा, कारण मादी एकदा उठली की कावळं अन् कुत्री टपलेलीच.

मग उजनीचं पाणी आलं. आमचं भलं झालं, खोटं कशाला बोलू. ज्वारीच्या जागी ऊस आला, माळ नांगरलं, विजेच्या तारा आल्या. कागदावर माळाला पडीक म्हणत्यात. पडीक म्हणून झाडं लावली. झाडं लावणं पुण्याचं काम, पण माळढोकाला लांबवर दिसाया लागतं. झाडी आली की त्यो तिथं उतरत न्हाई. कुसळ, पवन्या, मारवेल ह्यो त्याचा बंगला. त्याला कुणी बंगला म्हणलंच न्हाई.

दुसरी बाजू पण ऐका. १९७९ ला अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात पिकती रानं, गावं, समदं आलं. थोरल्या बहिणीच्या लग्नाला दोन एकर विकायचं व्हतं, तर परवानगीच्या कागदापायी बा दीड वर्ष कचेरीत हेलपाटं घालत व्हता. शेवटी सावकाराकडनं घेतलं. अशानं लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल राग बसला. पुढं हद्द कमी करून १,२२२ वर आणली, पर तवर पक्षीच राहिलं नव्हतं.

---

रातकिडा
मंगळवार, रात्री ९:२०

खिलार दादांचं दुखणं खरं आहे. मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पृथ्वीवर आजवर झालेल्या जातींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त कधीच संपल्या. डायनासोर गेले म्हणून आपण आलो. संपणं हाच नियम असेल तर एका पक्ष्यासाठी शेतकऱ्याची जमीन अडकवायची का? आणि सरांनी सांगितलं तसं दोन पिढ्यांत नवी वंशरेषा होते, हुग्गीताईंनी सांगितलं तशी एका रात्रीत जात होते. मग मुलीचा प्रश्न बरोबरच आहे की. एक गेला, दुसरा येईल.

---

तांबडा थर
मंगळवार, रात्री ११:०५

रातकिडा, तुमचा ९९ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. पण त्याला वेळ जोडल्याशिवाय अर्थ नाही. आणि वेळ बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

माझे वडील विहिरी खोदायचे. सुट्टीत मी बरोबर असायचो. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. सुरुंगाने तो फोडत गेलं की कधीकधी मध्येच हातभर जाडीचा विटकरी, ठिसूळ पट्टा लागायचा, आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. वडील म्हणायचे, तांबडा लागला. त्यांना त्याचं कारण माहीत नव्हतं, मला पुढे भूशास्त्र शिकताना कळलं. काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. एक थर ओतला गेला, मग इतका काळ शांतता होती की त्याचा वरचा भाग ऊन-पावसाने कुजून लाल माती झाला, आणि मग त्यावर दुसरा लाव्हा आला. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

हे सगळं घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तेव्हाच मेक्सिकोत चिक्शुलुबला एक प्रचंड अशनी आदळला. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम हा अशनीत सापडणारा धातू दाखवून दिला. अशनीचा वाटा किती आणि आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचा किती, हा वाद अजून चालतो. बहुतेकांचा कौल अशनीकडे आहे. पण आपण ज्या दगडावर घरं बांधतो तो त्या महाविनाशाचा साक्षीदार आहे, एवढं नक्की. त्याच्याही आधी, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, सैबेरियात असाच लाव्हा वाहिला आणि समुद्रातल्या दहातल्या जवळपास नऊ जाती गेल्या.

आता मुद्दा. डायनासोर गेल्यावर सस्तन प्राणी फोफावले, खरं. पण जीवसृष्टी पुन्हा तितकी भरायला कित्येक दशलक्ष वर्षं लागली, सैबेरियानंतर तर आणखी जास्त. एका तांबड्या पट्ट्याला लागणाऱ्या वेळाहून कितीतरी जास्त. माळढोक कमी झाला तो खिलार यांच्या आजोबांपासून त्यांच्यापर्यंत, म्हणजे तीन पिढ्यांत. नवी जात येईल हो, पण ती बघायला कोण असेल?

---

हुग्गी
बुधवार, सकाळी ८:४०

रातकिडा, 'एका रात्रीत' हे माझ्यामुळे झालं, म्हणून खुलासा करते. गुणसूत्रं दुप्पट होऊन जात होणं ही मुख्यतः वनस्पतींची वाट आहे, पक्ष्यांत ती चालत नाही. आणि तेव्हाही जुना गहू मरून नवा आला नाही. खपली अजून आहे, रानगवतही आहे. नवी जात ही जुन्यांच्या शेजारी उगवली, त्यांच्या जागी नाही. आई-बापच नसते तर ४२ वाला गहू कुठून आला असता?

---

गोठा
बुधवार, दुपारी १२:१०

पशुवैद्य आहे, म्हणून गिधाडांचं सांगतो.

नोकरीला लागलो तेव्हा जनावर मेलं की गावाबाहेर टाकायचे आणि दुपारपर्यंत गिधाडं फक्त हाडं ठेवायची. मग ती येईनाशी झाली. कुणी त्यांना मारलं नव्हतं, त्यांचं खाणं हिरावलं नव्हतं. आम्ही गुरांच्या ताप-सुजेवर डायक्लोफिनॅक टोचत होतो. स्वस्त होतं, गुण लगेच यायचा. ते औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडायचं. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात १९९२ ते २००७ या काळात हजारातली एक उरली. कारण कळलं २००३-०४ च्या सुमारास, आणि जनावरांसाठीचं औषध २००६ मध्ये बंद झालं.

तेव्हाच्या माझ्या पेटीत त्या बाटल्या असायच्या. मी हातानं टोचलंय. माहीत नव्हतं, हे खरं आहे, तरी माळावरून जाताना रिकामं आभाळ दिसलं की ते आठवतं. गिधाडही वर्षाला एकच अंडं घालतं. हजारातल्या एकावरून पुन्हा हजार व्हायला किती काळ जाईल, याचा हिशेब करून बघा.

---

जुना फळा
बुधवार, संध्याकाळी ६:३०

गोठा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल तुम्हाला नमस्कार करतो.

आता काल राहिलेलं लिहितो. रातकिडा यांचा एक आक्षेप मी मान्य करतो, उलट आणखी पक्का करून देतो. डाफ्ने मेजरवरच्या त्या नव्या फिंच वंशात पुढे दुष्काळात फक्त एक भाऊ आणि एक बहीण उरली, आणि त्या दोघांपासून वंश पुन्हा वाढला. म्हणजे दोनावरूनही वाढू शकतो. मग माळढोक का नाही?

फिंच एका हंगामात अनेक अंडी घालतो, पाऊस बरा असेल तर पुन्हा पुन्हा घालतो. त्याची पिल्लं वर्ष-दोन वर्षांत स्वतः वीण घालतात. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एक अंडं घालते, तेही जमिनीवर, आणि वयात यायलाच काही वर्षं लागतात. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, देशातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने उडताना नाकासमोरची तार त्याला वेळेत दिसत नाही, आणि दिसली तरी तेवढं अंग चटकन वळत नाही.

थोडे उरले की गणितच उलटं फिरतं. समजा सहा पिल्लं उरली. ती सगळी एकाच लिंगाची असण्याची शक्यता बत्तिसात एक. साठ असतील तर ही भीती उरतच नाही. सहांत ती खरी आहे, आणि नान्नजला एकटी मादी उरणं म्हणजे ती भीती खरी होऊन समोर उभी राहणं.

अमेरिकेत हीथ हेन नावाची माळावरची कोंबडी होती. एके काळी पूर्व किनाऱ्यावर सगळीकडे. १८७० पर्यंत फक्त मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर उरली. १९०८ मध्ये तिच्यासाठी राखीव जागा केली आणि ती खरोखर वाढली, १९१५-१६ पर्यंत सुमारे दोन हजार. लोकांना वाटलं, जिंकलो. १९१६ मध्ये ऐन विणीच्या दिवसांत वणवा लागला, माद्या घरट्यांवर बसलेल्या होत्या. मग कडक हिवाळा, शिकारी ससाणे, पाळीव कोंबड्यांचा रोग. उरले ते बहुतेक नर. शेवटचा नर १९३२ मध्ये दिसला. वणवा, थंडी, रोग हे सगळं आधीही होत असे. पण तेव्हा ती दहा ठिकाणी होती, एका ठिकाणी मेली तरी नवातून भरून निघायचं.

इतकं लिहिताना मला जे उमगलं ते असं. जात जन्मते ती वेगळी पडून, आणि मरते तीही वेगळी पडून. खिंड, बेट, डोंगर यांनी पुष्कळ जण वेगळे पडले आणि हाताशी हजारो पिढ्या असल्या, तर दोन जाती होतात. ऊस, तारा आणि वस्ती यांनी पाच-पन्नास जण वेगळे पडले आणि दहा-वीसच पिढ्या मिळाल्या, तर एकही उरत नाही. आपण माळाची बेटं केली, पण बेटावर नवं काही घडायला जो काळ लागतो तो दिला नाही.

---

रातकिडा
बुधवार, रात्री ९:५५

सर, हे पटलं. मी वेळ धरलाच नव्हता. शेतकऱ्याची बाजू मात्र सोडत नाही, आणि तुम्हीही सोडू नका.

राजस्थानात पिंजऱ्यात पिल्लं वाढवतात ना? त्याचं काय झालं?

---

तांबडा थर
बुधवार, रात्री १०:३०

जैसलमेरजवळच्या सम या गावी २०१९ पासून माळरानातली अंडी आणून, उबवून पिल्लं वाढवतात. पुढे रामदेवरालाही केंद्र झालं. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण देशात रानात उरलेत ते दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि बहुतेक सगळे त्याच जिल्ह्यात. अंडी सर्व एकाच टोपलीत म्हणतात ते इथं शब्दशः खरं आहे.

पिंजऱ्यातला पक्षी पुढे कुठे सोडायचा, यासाठी तरी माळ लागेलच.

---

सातरस्ता
बुधवार, रात्री १०:५०

निराश होऊ नये म्हणून हे एक. रानपिंगळा हे आपल्याच महाराष्ट्रातलं घुबड. १८८४ नंतर कुणाला मिळालाच नव्हता, संपला असं धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो दिसला. ११३ वर्षं तो तिथंच होता, जंगल उरलं होतं म्हणून.

---

जुना फळा
गुरुवार, सकाळी ६:१०

आणि मुलीला हेही सांगा, की 'नवी जात सापडली' ही बातमी म्हणजे 'नवी जात तयार झाली' नव्हे. गळ्याचा पंखा फुलवणारे माळावरचे सरडे आपण लहानपणापासून बघतो. सगळे एकच समजले जायचे. २०१६ मध्ये संशोधकांनी नीट तपासलं तर त्यांत वेगवेगळ्या जाती निघाल्या आणि त्यांतल्या एका गटाला प्रजातीचं नवं नाव दिलं, 'सरडा'. शास्त्रीय नावच आपल्या मराठी शब्दावरून! त्यातला एक साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर आहे, पंखा निळा, काळा, केशरी. मादी नराला ओळखते ते या रंगांवरून. म्हणजे माळावर जाती घडत आल्या आहेत, हजारो वर्षं, कुणी बघत नसताना.

---

भीमाकाठ
गुरुवार, रात्री ९:२५

सगळं लेकीला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा वीज गेली, मोबाईलच्या उजेडात वाचलं. सरांचं बत्तिसात एक तिने स्वतः मांडून बघितलं आणि बरोबर आलं म्हणाली. गोठा यांचा मजकूर वाचताना ती काही बोलली नाही. नंतर विचारलं, "ते काका आता ते औषध देत नाहीत ना?"

मग तिने वहीत लिहिलं: "दुसरा होईल, पण माळढोक होणार नाही. आणि तो दुसरा व्हायलाही कुणीतरी उरलेलं लागतं." तिचा पुढचा प्रश्न माझ्याच्याने सुटणारा नाही, इथं ठेवते. नान्नजची ती एकटी मादी खरोखर असेल, तर तिला राजस्थानला न्यावं का? नेलं तर तिला सोबत मिळेल, पण मग आपल्या माळाला माळढोकाचं म्हणून राखायचं कारणच राहणार नाही. आणि नाही नेलं तर ती इथं एकटीच.

खिलार दादा, तिला तुमच्याशी बोलायचंय. तुमचे आजोबा मेंढरं कशी वळसा घालून न्यायचे, ते तिला जागेवर बघायचंय. येत्या रविवारी आलो तर चालेल का?

---

खिलार
गुरुवार, रात्री ९:५०

या की ताई. आज्जा गेला, पर वाट मला ठाव हाय. सकाळी सहाच्या आत या, ऊन चढलं की काय दिसत न्हाई. पोरीच्या पायात बूट घाला, कुसळ पिकलंय.